पूर्णविराम बोलणारी आई

१

एक होतं घर. पुढे बैठकीची खोली, मागे निजायची, कडेला स्वयंपाकघर. त्या घरात राहायच्या एक सासूबाई, त्यांची सून कानवाली, सुनेची लेक ठकी आणि सुनेचा धाकटा दीर खुडबुड्या. ठकीचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो घरी असला तरी पाहुण्यासारखा, नसला तर फोनवर.

सासूबाई कपडे शिवायच्या. कानानं त्या कमी ऐकायच्या आणि जिभेनं जास्त बोलायच्या. खुडबुड्याला हाती आलेली प्रत्येक वस्तू उघडून बघायची खोड. लहानपणी घड्याळं उघडली, मोठेपणी फोन, कॅमेरे आणि आकड्यांची कुलपं. अशाच चार टाळक्यांची त्याची मंडळी होती. कोणी कुठलं यंत्र किती झटपट उघडलं, याच्या बढाया मारण्यात त्यांचा अख्खा रविवार जायचा. चोरी मात्र एका पैशाची नाही. आत शिरायचं, बघायचं आणि मालकाला सांगायचं, "तुमचं दार उघडंय हो."

आणि कानवाली? तिच्यासारखा कान पंचक्रोशीत नव्हता. भिंतीपलीकडे कोण खोकलं ते ती सांगायची, आणि खोकला आजचा की कालपासूनचा तेही. त्या कानावरच तिला काम मिळालं होतं.

काम असं. आजकाल लोकांच्या घरात बोलल्यावर ऐकणारी डबी असते. दिवा लाव म्हटलं की लावते, गाणं म्हण म्हटलं की म्हणते. पण कुणाचं बोलणं तिला कळलं नाही, तर तो तुकडा कानवालीच्या कचेरीत यायचा. तुकड्याला नाव नाही, गाव नाही. एका मोठ्या दालनात बायका कानाला ऐकायची डबडी लावून बसायच्या. तुकडा ऐकायचा आणि तोच समोरच्या माइकात स्वच्छ आवाजात परत बोलायचा, म्हणजे यंत्र ते लिहून घेई. आवाज सपाट हवा. राग नको, हसू नको. आणि विरामचिन्हंही तोंडानं म्हणायची. "उद्या लवकर उठव पूर्णविराम. पाऊस आहे का प्रश्नचिन्ह."

नियम दोनच. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, आणि तुकड्याला उत्तर द्यायचं नाही. पहिला नियम सगळ्या पाळत. दुसऱ्यात नवी बाई हटकून चुकायची. तुकड्यातल्या म्हाताऱ्यानं "कोण आहे तिकडे?" म्हटलं की ही पटकन बोलून जायची, "मी!" मग सगळं दालन खो खो हसायचं. कानवाली एकदाही चुकली नव्हती. किती घरांची भांडणं, किती जणांच्या चोरून केलेल्या आणाभाका तिच्या कानातून गेल्या, पण ओठाबाहेर शब्द आला नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

फक्त एक व्हायचं. दिवसभर परक्यांची वाक्यं बोलून तिचं तोंड इतकं शिणायचं, की घरी आल्यावर "हूं" आणि "नको" यापलीकडे ती जायची नाही.

आणि ठकी तर बोलायचीच नाही. पाच वर्षांची झाली, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, गळा चांगला, कान चांगले, बुद्धी तर त्याहून चांगली. पण शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, "शाळा उघडेपर्यंत बोलली तर आमच्याकडे या. नाही बोलली तर दुसऱ्या गावी मुक्या मुलांची शाळा आहे. पण तिथे वसतिगृहातच राहावं लागेल."

त्या दिवसापासून कानवालीच्या छातीवर दगड होता. शाळा उघडायला फार दिवस राहिले नव्हते.

२

नेहमीसारखी सकाळ होती. कानवालीनं तुकडा लावला. लहान मुलाचा आवाज होता, अगदी हळू.

"आजी झोपली. आता बोल."

"आजी झोपली पूर्णविराम. आता बोल पूर्णविराम," कानवालीनं माइकात म्हटलं आणि पुढचा तुकडा लावायला हात नेला. हात तिथेच थांबला.

मुलाच्या आवाजामागे एक पंखा होता. गरगर फिरता फिरता मध्येच एक ठेच खाणारा. गर्र, गर्र, टक. त्यामागे कपाटाचं दार, आधी किंचाळणारं आणि मग धप्प बसणारं.

तिनं तुकडा परत ऐकला. पंखा तिच्या बैठकीच्या खोलीतला होता. कपाट तिच्या स्वयंपाकघरातलं.

शेजारच्या टेबलावरची खोडकर बाई म्हणाली, "काय गं, भूत ऐकलंस का?"

"कान खाजला," कानवाली म्हणाली.

३

ती बुद्धीनं चालणारी बाई होती. घरी जाताना तिनं मनाला समजावलं. जगात जुने पंखे काय थोडे आहेत? आणि कपाटं करणाऱ्या सुतारानं सगळीकडे तीच ढिली बिजागरी लावली असेल. शिवाय आपल्या घरात ती डबी नाहीच. खुडबुड्यानं घरात येऊ दिली नव्हती. "वहिनी, पैसे देऊन पाळत कोण विकत आणतं?" म्हणायचा.

तरी दुसऱ्या दिवशी निघताना तिनं स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली स्टीलचं पातेलं उपडं ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

दुपारी तुकडा आला. पंखा, आणि थेंब. टण्ण. टण्ण. उपड्या स्टीलवर.

त्यावर तोच हळू आवाज. "आज आईनं पातेलं उलटं ठेवलंय. गंमत."

कानवालीनं तुकडा परत लावला. पंखा ओळखला, कपाट ओळखलं, नळसुद्धा ओळखला. फक्त हा आवाज तिनं जन्मात कधी ऐकला नव्हता. आणि त्या घरात लहान मूल एकच होतं.

तिनं तो तुकडा बोलून दाखवला. सपाट, स्वच्छ. गंमत पूर्णविराम. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. काय बाई होती!

संध्याकाळी तिनं ठकीला मांडीवर घेतलं. "ठके, दुपारी तू कोणाशी बोलतेस?"

ठकीनं आईकडे बघितलं, मग बैठकीच्या खोलीकडे. आणि आपलं चिमुकलं बोट आईच्या ओठांवर ठेवलं. गप्प बस, असं.

४

"भावोजी," कानवालीनं खुडबुड्याला गाठलं, "परक्याचं असतं तर जीभ झडली तरी सांगितलं नसतं. पण आपल्याच घरचं आहे, म्हणून सांगते."

सगळं ऐकून खुडबुड्याच्या चेहऱ्यावर आधी आनंदच पसरला. त्याच्या घरात त्याला न कळता कोणी शिरलं, म्हणजे केवढा पोचलेला गडी! मग ठकीचं नाव आलं आणि तो आनंद उतरला.

"वहिनी, घरात ऐकू शकणाऱ्या वस्तू पोतंभर निघतील. टीव्ही ऐकतो, दारावरची बेल ऐकते, ते कपडे धुवायचं यंत्रसुद्धा नेटला जोडलंय. एकेकाचं पोट फाडतो."

त्याची मंडळी आली. त्यांनी घरभर वस्तू उघडून मांडल्या. जमिनीवर स्क्रू, तारा, हिरव्या पट्ट्या. चौघांनी चार वेळा माना हलवल्या. कुठे काही नाही. तेव्हा खुडबुड्या म्हणाला, "मग सगळंच बाहेर." टीव्ही त्याच्या कपाटासकट गेला, यंत्र गेलं, बेल गेली, फोन गेले, बॅटरीवर चालणारं कुत्र्याचं पिल्लू गेलं. सगळं त्याच्या मित्राच्या दुकानात.

सासूबाई कंबरेवर हात देऊन बघत होत्या. "माझा चष्माही ने रे. त्यालाही दोन काड्या आहेत. ऐकत असेल मेला."

"आई, चेष्टा नाही."

"मी कुठे करतेय? कवळी नेऊ नकोस म्हणजे झालं, जेवायचंय मला."

शेवटी पंखाही उतरवला. खोल्या भुंड्या झाल्या. बोललं तर भिंती परत बोलायच्या.

"आता बघू कोण ऐकतं ते," खुडबुड्या छाती काढून म्हणाला. आणि खरंच, त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही आलं नाही. कानवालीला वाटलं, सुटलो.

मग तुकडा आला. पंखा नाही. खरखर नाही. नुसती रिकाम्या खोलीची पोकळी, आणि त्या पोकळीत घुमणारा ठकीचा आवाज. घर मोकळं झाल्यानंतरचाच तो तुकडा होता. असा आवाज काल सकाळपर्यंत त्या घरात उमटूच शकला नसता.

"सगळं नेलं. तू आहेस ना?"

आणि पहिल्यांदाच तुकड्यात उत्तर आलं.

"हो पूर्णविराम. दिवा लाव पूर्णविराम."

आवाज सपाट. राग नाही, हसू नाही. आवाज कानवालीचा होता.

ठकी हसली. लेकीचं हसू आईनं पहिल्यांदा असं ऐकलं, डबड्यातून. "दिवा कशाला? ऊन आहे. तू वेडीच आहेस."

"उद्या लवकर उठव पूर्णविराम. पाऊस आहे का प्रश्नचिन्ह."

कानवालीची स्मरणशक्ती कानाइतकीच धारदार. एकेक वाक्य तिला आठवत होतं. कुठल्या दिवशी, कुठल्या परक्या घरातून आलेलं तिनं माइकात म्हटलं होतं. जे काही त्या खोलीत बसलं होतं, ते तिनंच दिलेले शब्द वापरत होतं. दुसऱ्यांच्या घरांतले उष्टे शब्द, तिच्या आवाजात. तिनं मनाला सांगितलं, यंत्र आहे, शिकतंय. कुठून तरी आपलाच आवाज वाजतोय. भावोजींच्या नजरेतून काहीतरी सुटलंय.

मग तुकड्याच्या शेवटी ठकीनं विचारलं, "आई कधी येणार?"

मग कानवालीचा आवाज म्हणाला,

"बाहेर जाते ती आई नाही पूर्णविराम."

हे वाक्य कानवालीनं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. कुठल्याच दिवशी, कुठल्याच घराचं नव्हतं ते.

तिच्यासमोर माइक होता. ऐकलेलं बोलायचं, हा तिचा धर्म. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो एक तुकडा तिनं बोलला नाही. तसाच जाऊ दिला.

६

ती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन निघाली. भर दुपार होती, रस्त्यावर ऊन लखलखत होतं, मुलं सायकली पिटाळत होती. भिण्यासारखं काही नाही, ती मनात म्हणत होती. घर आपलं, दार आपलं, किल्ली आपल्या हातात.

दाराशी आली आणि उभी राहिली. आतून ठकी बोलत होती. भरभर, मुंगी, बाबांचा ट्रक, आजीच्या सुया, असं काहीबाही. मध्येमध्ये दुसरा आवाज तिला हुंकार देत होता. कानवालीनं लाकडाला कान लावला. भिंतीपलीकडचं ओळखणारा तिचा कान, आणि तो सांगत होता की आत तीच बसली आहे.

तिनं दार ढकललं.

ठकी जमिनीवर एकटीच होती. भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून. आई दिसताच तिनं ओठ मिटून घेतले. मागच्या खोलीत सासूबाई घोरत होत्या. घरात आणखी कोणी नव्हतं.

कानवाली त्या भिंतीपाशी गेली. पांढऱ्या चुन्यावर एक तेलकट डाग होता. रोज त्याच जागी डोकं टेकून बसलं की भिंतीवर पडतो तसा, वर्षानुवर्षांचा. इथे आजवर टीव्हीचं कपाट होतं. इथे कोणी बसणं शक्यच नव्हतं.

तिनं भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसली. डोकं मागे टेकलं. डागावर बरोबर बसलं. ना वर, ना खाली.

डाग कोमट होता.

७

खुडबुड्या म्हणाला, "उद्या कामावर जाऊ नका, वहिनी." सासूबाईंना फक्त एवढंच कळलं होतं की सून घाबरली आहे, आणि सून घाबरलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. तिचं काम तिला कळतं. ठकीपाशी मी बसते, डोळे ताणून." डोळे ताणून ताणून त्या दुपारी झोपल्याच.

कानवालीनं कानाला डबडं लावलं आणि वाट पाहिली. परके तुकडे आले, गेले. मग ती पोकळी आली.

"आई?" ठकी म्हणाली. "आई, तू आहेस का?"

ठकीनं त्या आवाजाला आजवर आई म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा म्हटलं.

"मी आ..." असा तो सपाट आवाज सुरू झाला.

आणि कानवालीनं ओ दिली.

कचेरीतल्या आवाजात नव्हे. घरच्या आवाजात, जो शिणलेला होता, फाटका होता आणि वापराविना गंजला होता. "ए ठके! ओ गं, बाळा! मी इथंय, कामावर. मी तुझी आई. मेले मी, बोलतच नाही गं तुझ्याशी! येते हं. आत्ता येते."

सगळं दालन गप्प झालं. या वेळी कोणी हसलं नाही. कानवाली चुकली, हेच कुणाला खरं वाटेना.

तुकडा म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. तिला उत्तर कुठून येणार? तिला ठाऊक होतं ते. पण कानात ठकीचा श्वास थबकला होता.

"आई?" ठकी म्हणाली, वेगळ्याच सुरात.

"प्रश्नचिन्ह," तो सपाट आवाज म्हणाला. "मी इथे आहे पूर्ण..."

"तुला नाही म्हटलं," ठकी म्हणाली. "तिला म्हटलं."

मग उठण्याचा आवाज. जमिनीवरून उठताना कानवालीचा उजवा गुडघा वाजायचा, तस्साच गुडघा वाजला. पावलं. अनवाणी, जड, तिच्या वजनाची. दाराची कडी निघाली. दार उघडलं आणि बाहेरच्या रस्त्याचा गलका आत आला, सायकलची घंटा, कुणाचं तरी हसणं. दार लागलं.

तुकडा संपला.

कचेरीच्या मुख्य बाई येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हीसुद्धा? उत्तर द्यायचं नाही हा नियम तुम्हीच नव्यांना शिकवता ना?"

कानवालीनं डबडं टेबलावर ठेवलं आणि उठली. मान ताठ.

"बाई, इतकी वर्षं एकालाही ओ दिली नाही. आज माझ्या लेकीनं हाक मारली. दिली."

आणि गेली.

८

घराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. सासूबाई डोळे चोळत मागच्या खोलीतून येत होत्या.

"अगं, आत्ता तर बाहेर पडलीस! पाठमोरी पाहिलं मी तुला. हाक मारली, तर वळलीसुद्धा नाहीस. इतक्यात परत कशी?"

कानवाली दारात परत वळली. ती रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिली. तिथे माणसं येत जात होती, आपापल्या कामाला लागलेली. पाठमोरी तर सगळीच सारखी दिसतात.

मागून तिच्या साडीला ओढ बसली.

"ती चिडली," ठकी म्हणाली. "पण जाऊ दे. मला भूक लागलीय."

सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणतात, पण हे त्यांना पहिल्या खेपेला ऐकू गेलं. त्या मटकन खाली बसल्या, मग उठल्या, मग ठकीला पोटाशी धरून इतक्या मोठ्यानं रडल्या की रस्त्यापलीकडचा न्हावी अर्धी दाढी सोडून धावत आला.

भिंतीवरचा डाग खुडबुड्यानं चुन्यानं रंगवला. टीव्हीचं कपाट मात्र त्या भिंतीपाशी परत ठेवलं नाही. तिथे आता कानवालीच बसते, ठकीला घेऊन, आणि दोघी बोलतात. कानवाली आधी अडखळायची, मग सुटली. कामावर ती परत गेली नाही. तिनं आणि खुडबुड्यानं मिळून धंदा काढला. लोकांच्या घरात जायचं, यंत्रं त्यानं उघडायची, खोल्या तिनं ऐकायच्या, आणि चोरून ऐकणारं काही असलं तर उपटून काढायचं. पुढच्या सहा महिन्यांत एवढं नाव झालं की लोक नंबर लावून बोलवायला लागले. यंत्रात काही सापडलं नाही, तरी एखाद्या खोलीत कानवाली थबकते, भिंतीवरून हात फिरवते, आणि घरच्यांना एवढंच सांगते, "इथं बसून एकमेकांशी बोलत जा."

पण ते सगळं नंतरचं. त्याआधी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, सगळं घर ठकीला घेऊन मोठ्या बाईंपुढे उभं राहिलं. बापही ट्रक लावून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय गं, घरी कोण कोण असतं?"

ठकीनं श्वास घेतला.

"आजी असते. ती झोपते आणि झोपले नव्हते म्हणते. काका लोकांची कुलपं उघडतो आणि स्वतःची किल्ली हरवतो. बाबा फोनवर म्हणतात पोचलो, पण पोचलेले नसतात, चहा पीत असतात. आई न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आता नाही रडत. आजी म्हणते तुम्ही फार कडक आहात, पण साडी छान नेसता."

मोठ्या बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. सासूबाईंचं तोंड लाल झालं, खुडबुड्यानं छताकडे बघितलं, बापाला खोकला आला.

"अजून आहे," ठकी म्हणाली.

"पुरे, पुरे!" बाई हसू दाबत म्हणाल्या आणि त्यांनी तिचं नाव घालून घेतलं.

त्या दिवशी त्या घराचं एकही गुपित शिल्लक राहिलं नाही. आणि तरी सगळे भर रस्त्यातून असे छाती काढून घरी आले, की बघणाऱ्याला वाटावं यांच्याकडे लग्नच आहे. सगळ्यांच्या पुढे ठकी, आणि तिचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं.